मांगा-अ‍ॅनिमे पहिल्यांदाच? पैशाच्या मागे मागे चला

मित्राने 'हे बघच' म्हणून एक मालिका सुचवली, तुम्ही शोधलीत आणि कळलं की तिचे अकराशेच्या वर भाग झालेत आणि ती अजून चालूच आहे. बरेच नवखे इथेच गळतात. दुसरा गट आईवडिलांचा आणि मामा-काकांचा. घरातली मुलं रात्री उशिरापर्यंत जपानी आवाजात काय बघतात आणि भिंतीवर कोणाची पोस्टरं लावतात, हे त्यांना उमगत नाही. हा लेख दोघांसाठी आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, एवढं आधी लक्षात ठेवा.

'नवख्यांसाठी दहा उत्तम मालिका' अशा याद्या रग्गड मिळतात. त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण आवडनिवड यादीत बसत नाही. मी वेगळी वाट सुचवतो: पैसा कुठून येतो ते बघत चला. जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली अ‍ॅनिमेची बाजारपेठ ३.३ लाख कोटी येनांच्या पुढे होती आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरून आला. हा पैसा कसा फिरतो ते कळलं, की मालिका इतक्या लांबतात का, काही मधेच का थांबतात, नायक वर्षानुवर्षं त्याच कपड्यांत का वावरतो, याची उत्तरं आपोआप मिळतात. आणि आपण कुठून सुरुवात करायची तेही ठरवता येतं.

पायरी १: आधी मासिक-साप्ताहिक ओळखा

बहुतेक गाजलेल्या अ‍ॅनिमेचं मूळ मांगात असतं आणि मांगाचं मूळ नियतकालिकात. सगळ्यांत मोठं नाव 'शोनेन जंप'. शूएइशा प्रकाशनाने ते १९६८ साली सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक केलं. स्वस्त कागद, जाडजूड अंक, एका अंकात वीसेक कथा, प्रत्येकीची जेमतेम वीस पानं आणि शेवटी आपलं जुनं ओळखीचं 'क्रमशः'. १९९४ च्या अखेरीस याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती निघाल्या होत्या. एका साप्ताहिकाच्या!

अंक जपून ठेवण्यासाठी नसतोच. वाचायचा आणि रद्दीत टाकायचा. त्यात एक कार्ड असतं, त्यावर वाचकाने या आठवड्यातल्या आवडत्या तीन कथा कळवायच्या. या मतांवर संपादकांची बारीक नजर असते. नवी कथा काही आठवड्यांत पकड घेत नसेल, तर ती गुंडाळली जाते. पहिलं वर्षही न बघता संपलेल्या कथा ढिगाने आहेत. टिकलेल्या कथेची प्रकरणं एकत्र करून छोट्या आकाराचे खंड निघतात. त्यांना तांकोबोन म्हणतात आणि खरा नफा तिथे असतो. लेखक-चित्रकाराला मानधन पानामागे मिळतं, पण त्याचं घर चालतं ते खंडांच्या रॉयल्टीवर.

आता तुमच्या मित्राच्या लाडक्या मालिकेकडे बघा. दर वीस पानांनी कोणीतरी कड्याच्या टोकावर का लटकतं? एक शत्रू हरला की त्याहून बलाढ्य दुसरा का उगवतो? लोकप्रिय कथा संपवणं कोणालाच परवडत नाही म्हणून. 'वन पीस' ही समुद्री चाच्यांची गोष्ट १९९७ च्या जुलैत सुरू झाली, तिच्या जगभरात ५० कोटींहून जास्त प्रती खपल्या आणि ती अजूनही चालू आहे. तिथून सुरुवात करू नका. ती वाईट नाही, पण तिच्यात उतरायचं तर आधी पाण्याचा अंदाज हवा.

या पायरीवर करायचं काम छोटं आहे. कुठलीही मालिका सुचवली गेली, की ती मूळ कुठल्या नियतकालिकात आली ते शोधा. शोनेन म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन प्रौढ पुरुषांसाठी आणि जोसेइ प्रौढ स्त्रियांसाठी. हे कथेचे प्रकार नव्हेत, दुकानातल्या फळीचे आहेत. शोनेन वाचणाऱ्या मुली आणि आज्या भरपूर आहेत. पालकांना मात्र या फळीचा चांगला उपयोग होतो. 'चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचं' ही समजूत इथे दगा देते. सेइनेनमध्ये रक्तपात, लैंगिकता, नैराश्य असं सगळं मोकळेपणाने येतं. पुस्तकाच्या मागे छापलेला वयोगट बघूनच मुलांच्या हातात द्या.

शोजोबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण नवखे तिकडे फिरकतच नाहीत. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा स्त्रियांनी पानाची मांडणीच बदलली: चौकटी मोडल्या, मनातलं बोलणं चित्राच्या आरपार नेलं. इकेदांची 'रोझ ऑफ व्हर्साय' १९७२ साली मुलींच्या साप्ताहिकात सुरू झाली. विषय फ्रेंच राज्यक्रांती, नायिका पुरुषी वेशातली लष्करी अधिकारी. दोनच वर्षांत ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाटकमंडळीने ती रंगमंचावर आणली आणि तिचे प्रयोग पुढे कित्येक दशकं होत राहिले. आज पडद्यावर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींची मुळं या बायकांच्या पानांत आहेत.

पायरी २: एक खंड हातात घ्या

पडद्याआधी कागद, असं माझं मत आहे. खंड आपल्या नेहमीच्या पुस्तकाच्या शेवटाकडून उघडायचा. पान उजवीकडून डावीकडे, चौकटीही उजवीकडून डावीकडे, संवादाचे फुगेही तसेच. मात्र फुग्यातलं इंग्रजी नेहमीसारखं. पूर्वी अमेरिकी प्रकाशक सोयीसाठी चित्रं उलटी करून छापत, मग सगळे तलवारबाज डावखुरे निघत. २००० नंतर ती पद्धत मागे पडली.

'अमर चित्र कथा'वर वाढलेल्या डोळ्यांना इथे एक सवय मोडावी लागते. तिथे चौकटीच्या वरचा मजकूर गोष्ट सांगतो आणि चित्र त्याला साथ देतं. मांगात सलग तीन-चार पानं शब्दच नसतात. पावसाचा थेंब, रिकामा जिना, हाताची मूठ. थांबून अर्थ लावत बसू नका, नजर घसरू द्या. दोनशे पानांचा खंड अर्ध्या-पाऊण तासात संपला तर बिचकू नका, तो त्याच वेगासाठी काढलेला असतो. चौकटींमधली मोकळी जागा काळी दिसली, तर बहुधा तो भूतकाळ आहे, एवढी खूण लक्षात ठेवा.

काय घ्यायचं? संपलेली आणि आटोपशीर मालिका. 'डेथ नोट' बारा खंडांची आहे आणि उंदीर-मांजराचा खेळ आवडणाऱ्यांना ती सोडवत नाही. जरा मोठा घास हवा असेल, तर हिरोमु अराकावा यांची २७ खंडांची 'फुलमेटल अल्केमिस्ट'. हाणामारीचा कंटाळा असेल, तर कियोहिको अझुमा यांची 'योत्सुबा'. एका लहान मुलीचे साधे दिवस, बस. आणि ज्यांना चित्रकथा म्हणजे पोरखेळ वाटतो, त्यांनी ओसामु तेझुका यांची 'बुद्ध' वाचावी. १९७२ ते १९८३ एवढा काळ चाललेली ही मांगा कपिलवस्तूची आणि मगधाची गोष्ट सांगते. त्यात इतिहास शोधू नका, तेझुकांनी पात्रं सरळ कल्पनेतून घातली आहेत. पण जात, भूक आणि हिंसा यांबद्दल ती जे बोलते ते आपल्या मातीतल्या वाचकाला जास्त टोचतं.

भारतात मिळणारे इंग्रजी खंड साधारण चारशे ते सहाशे रुपयांना पडतात. सत्तावीस खंडांचा गुणाकार करून बघा आणि पहिला खंड वाचून होईपर्यंत दुसरा घेऊ नका. खुद्द जपानातही लोक कागदावरून हलले आहेत. २०२४ साली तिथली मांगाची विक्री ७० हजार कोटी येनांच्या पुढे गेली आणि तिच्यात डिजिटलचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त होता. शूएइशाचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप २०१९ पासून ताजी प्रकरणं जपानबरोबरच इंग्रजीत आणि फुकट देतं. चोरीच्या संकेतस्थळांवर जायची त्यामुळे गरज उरत नाही. 'मांगामुरा' नावाचं तसलं एक प्रचंड संकेतस्थळ २०१८ साली बंद पडलं, चालवणाऱ्याला तुरुंगवास झाला आणि पुढे न्यायालयाने त्याला १७० कोटी येनांची भरपाईही सुनावली.

पायरी ३: पडदा, आणि गोष्ट मधेच का तुटते

१ जानेवारी १९६३. तेझुकांचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' जपानी दूरचित्रवाणीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचं अ‍ॅनिमेशन करणं त्या काळी वेडेपणा होता. तेझुकांनी तो भाग खर्चापेक्षा कमी पैशांत वाहिनीला दिला, चित्रांची संख्या कापली, तेच चेहरे आणि तीच धावण्याची दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली. तूट भरून काढली ती चॉकलेटबरोबरच्या स्टिकरनी, खेळण्यांनी आणि परदेशी विक्रीने. हा धंद्याचा साचा अजून तसाच आहे: अ‍ॅनिमे स्वतः फारसं कमावत नाही, ते दुसरं काहीतरी विकतं.

१९७९ चं 'गंडम' घ्या. प्रेक्षक कमी म्हणून मालिका ५२ ऐवजी ४३ भागांतच आटोपली. मग पुनःप्रक्षेपणं झाली, १९८० पासून बांदाई कंपनीने त्यातल्या यंत्रमानवांची जोडायची प्लास्टिक मॉडेलं काढली आणि मुलांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या. मालिका मेली होती, तिला डबाबंद खेळण्यांनी जिवंत केलं. नायकाचे कपडे आणि केसांचा रंग का बदलत नाही, याचं उत्तर इथे आहे. खेळणं ओळखू आलं पाहिजे.

आता पैसे घालते ती 'निर्मिती समिती'. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले असे सगळे मिळून खर्च आणि धोका वाटून घेतात आणि नफाही आपापल्या वाट्याने उचलतात. चित्रं काढणारा स्टुडिओ बऱ्याचदा या समितीत नसतोच. त्याला ठरलेली रक्कम मिळते आणि मालिका जगभर गाजली तरी त्यावर फार वाढत नाही. हालचालीच्या दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या कामगाराला चित्रामागे शे-दोनशे येन, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. या उद्योगाचे आकडे ऐकून भारावून जाल तेव्हा हेही आठवा. अपवाद आहेत: क्योतो अ‍ॅनिमेशनने पगारी कलाकार ठेवले, मापा स्टुडिओने २०२२ चं 'चेनसॉ मॅन' पूर्णपणे स्वतःच्या पैशांवर केलं. पण ते अपवादच.

नवख्याच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात.

अ‍ॅनिमे वर्षाच्या चार हंगामांत येतात (जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर) आणि एका हंगामात बारा-तेरा भाग बसतात. तुमची आवडती मालिका बाराव्या भागाला ऐन रंगात तुटली तर चिडू नका. प्रकाशकाचं काम झालेलं असतं: तुम्ही आता खंड घ्यायला निघालात. पुढची गोष्ट कितव्या खंडापासून ते शोधा आणि वाचायला लागा.

दुसरं, वर्षानुवर्षं दर आठवड्याला चालणाऱ्या जुन्या मालिका मांगाला गाठायच्या, मग वेळ काढायला मूळ कथेत नसलेले भाग घुसवले जायचे. त्यांना फिलर म्हणतात. कुठले भाग फिलर आहेत याच्या याद्या चाहत्यांनी केलेल्या असतात, त्या बघून बिनधास्त गाळा. कधी कधी तर अख्खी गोष्टच फुटते. 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं २००३ चं अ‍ॅनिमे मांगा अपुरी असताना केलं, त्यामुळे त्याचा शेवट वेगळा. मूळ कथेला धरून असलेलं हवं तर २००९ चं 'ब्रदरहुड' बघा.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. 'विक्रमी कमाई' ऐकून थेट चित्रपटाला जाऊ नका. 'डीमन स्लेयर'चा 'मुगेन ट्रेन' ऑक्टोबर २०२० मध्ये आला. कोविडमुळे हॉलिवूडचे चित्रपट पुढे ढकललेले, पडदे रिकामे. जपानात त्याने ४,००० कोटी येनांच्या वर गल्ला जमवला आणि 'स्पिरिटेड अवे'चा एकोणीस वर्षांचा विक्रम मोडला. पण तो २६ भागांच्या पहिल्या हंगामाचा पुढचा तुकडा आहे. आधीचं न बघता गेलात तर आगगाडीत कोण कोणासाठी रडतंय ते कळणार नाही. २०२५ चा 'इन्फिनिटी कॅसल' त्याहूनही पुढचा; भारतात तो हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला आणि गर्दीही झाली, पण तो जुन्या चाहत्यांसाठी आहे. एका संध्याकाळीच चव घ्यायची असेल, तर स्वतंत्र चित्रपट निवडा: हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' (२००१, २००३ साली ऑस्कर), नाहीतर माकोतो शिंकाईंचा 'युअर नेम' (२०१६).

पायरी ४: कुठे बघायचं, कोणत्या भाषेत

इथे फार वेळ घालवत नाही. क्रंचीरोल हे सोनीच्या मालकीचं व्यासपीठ. २०२२ साली त्यांनी भारतासाठीची वर्गणी महिना ७९ रुपयांवर आणली आणि पुढे हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग वाढवलं. नेटफ्लिक्सवर निवडक, पण भरपूर. यूट्यूबवर म्यूज आणि अनि-वन यांच्या अधिकृत वाहिन्या फुकट दाखवतात. डब की सबटायटल यावर चाहते भांडतात, तुम्ही पडू नका. पोळ्या लाटताना बघायचं असेल तर हिंदी डब, नीट बसून बघायचं असेल तर जपानी आवाज.

तसं पाहिलं तर आपली पिढी या क्षेत्रात नवखी नाहीच. १९९३ साली रविवारी दूरदर्शनवर 'जंगल जंगल बात चली है' लागायचं, ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने केलेली होती. युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा अ‍ॅनिमेपट २०२५ च्या जानेवारीत भारतभर चित्रपटगृहांत लागला. आपल्यानंतरच्या पिढीतल्या मुलांना डोरेमॉन आणि शिनचॅनने हिंदी शिकवलं, हे मराठी घरांत सांगायला नको. २०१२ मध्ये तर जपान्यांनी आपल्या जुन्या बेसबॉल मांगाचं क्रिकेटीकरण करून 'सूरज: द रायझिंग स्टार' आणली. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. मालिका विसरली गेली, पण प्रयोग बघण्यासारखा होता.

पायरी ५: चाहत्यांत मिसळा

या कथांचा प्रभाव मोजायचा तर तिकीटखिडकीबाहेर बघावं लागतं. १९८१ साली 'कॅप्टन त्सुबासा' ही फुटबॉलची मांगा सुरू झाली, तेव्हा जपानात व्यावसायिक लीगही नव्हती. ती १९९३ मध्ये आली. स्पेनच्या फर्नांडो तोरेसने लहानपणी याच मालिकेमुळे फुटबॉल खेळायला लागलो, असं सांगितलंय. फ्रान्सने २०२१ मध्ये अठरा वर्षांच्या मुलांना संस्कृतीवर खर्च करायला ३०० युरो दिले, आणि मुलांनी त्यातून इतकी मांगा घेतली की लोक त्या योजनेला गमतीने 'मांगा पास' म्हणू लागले. २०२५ मध्ये इंडोनेशियात आणि मग नेपाळच्या तरुणांच्या आंदोलनात 'वन पीस'चा गवती टोपी घातलेल्या कवटीचा झेंडा रस्त्यावर फडकला. तो कोणी नेत्याने दिलेला नव्हता. जपान सरकारने डोरेमॉनला २००८ साली अ‍ॅनिमेचा राजदूत नेमलं, निधी उभारले, घोषणा दिल्या. माझ्या मते सरकार या वरातीत उशिरा सामील झालं, घोडा आधीच निघाला होता.

निघाला तो चाहत्यांच्या जोरावर. 'कॉमिकेट' ही हौशी मांगाकारांची जत्रा डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गट आणि सातेकशे माणसांवर सुरू झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत सात लाखांवर लोक आले. तिथे लोक दुसऱ्यांची पात्रं घेऊन स्वतःच्या कथा छापून विकतात आणि प्रकाशक बहुतेक वेळा डोळेझाक करतात, कारण उद्याचे लेखक तिथेच घडतात.

आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात कॉमिक कॉन हा चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा भरतो. जाताना एवढं पाळा: पात्राची वेशभूषा केलेल्याचा फोटो विचारून काढा, कपड्यांना हात लावू नका, आणि कोणाच्याही आवडत्या मालिकेचा शेवट मोठ्याने बोलू नका. पात्रांच्या मूर्ती आणि बाहुल्या पहिल्याच दिवशी घेऊ नका. तिनशे रुपयांतली 'मूळ' मूर्ती मूळ नसते. खोक्यावर निर्मात्याचं नाव आणि परवान्याची खूण बघा. भाषा शिकावीशी वाटली, तर पुण्यात जपानीचे वर्ग मुबलक आहेत आणि जपानी भाषा प्राविण्य चाचणीचं केंद्रही. एकच सूचना: अ‍ॅनिमेतली भाषा जशीच्या तशी शिक्षकांसमोर वापरू नका. समुद्री चाच्यांचं जपानी कार्यालयात चालत नाही.

पायरी ६: जपानला गेलात तर

कथेतल्या खऱ्या जागा बघत फिरण्याला तिथे 'तीर्थयात्रा' असाच शब्द आहे. कामाकुराजवळच्या कामाकुरा-कोकोमाए स्थानकाशेजारचं रेल्वे फाटक 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलच्या मालिकेमुळे इतकं प्रसिद्ध झालं, की तिथे गर्दी आवरायला माणसं ठेवावी लागतात. रुळांवर किंवा रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका, गाववाले वैतागलेत. क्योतोचं आंतरराष्ट्रीय मांगा संग्रहालय जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. तिथे तिकीट काढून फळीवरचा खंड उचलायचा आणि हिरवळीवर पसरून दिवसभर वाचायचं. जपानी येत नसेल तर इतर भाषांतलेही खंड आहेत.

टोकियोजवळच्या मिताकाचं घिबली संग्रहालय (मियाझाकींच्या स्टुडिओचं) बघायचं असेल, तर दारात तिकीट मिळत नाही हे विमानाचं तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. दर महिन्याच्या १० तारखेला, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, पुढच्या महिन्याची तिकिटं ऑनलाइन सुटतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सुट्टीच्या दिवसांची तिकिटं झटपट संपतात, म्हणून आठवड्यातला मधला वार निवडा आणि कार्ड आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा.